यजमानावांचून पाहुणचार

परगांवीं चार-आठ दिवस काढावयाचे झाल्यास सुशिक्षित कुटुंबानें हॉटेलांत किंवा लॉजमध्यें न उतरतां एखाद्या सोसायटींतील सुसज्ज फ्लॅट रोजच्या भाड्यानें घ्यावा, हें शहाणपणाचें व कांहींसें प्रतिष्ठेचेंहि लक्षण होय, अशी समजूत आपल्या वर्गांत गेल्या दहा वर्षांत दृढ झाली आहे. या फ्लॅटची शिफारस करणारे लोक तीन शब्द वापरतात: स्वस्त, मोकळें आणि घरगुती. पहिला शब्द कित्येकदां खरा असतो. दुसऱ्यांत कांहीं तथ्य आहे. तिसरा मात्र साफ खोटा आहे. आणि गंमत अशी कीं, हा सारा व्यवहार चालतो तो त्या तिसऱ्या शब्दाच्या जोरावर. ज्या जागेंत यजमान राहत नाहीं, कधीं राहणार नाहीं, व पाहुण्याचें तोंडहि पाहणार नाहीं, त्या जागेस ‘घरगुती’ म्हणणें हा भाषेचा विपर्यास आहे. प्रश्न केवळ भाषेचा असता, तर तो वैयाकरणांकडे सोपवून मी स्वस्थ बसलों असतों. पण या शब्दाच्या आड एक धंदा उभा राहिला आहे, आणि त्याची झीज त्या धंद्याशीं कांहीं एक संबंध नसलेल्या माणसांना सोसावी लागत आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

या गोष्टीचा विचार करण्यास स्वारगेटसारखें ठिकाण शोधूनहि सांपडणार नाहीं. नांवापासूनच पाहा. ‘स्वार’ फारशींतून आलेला, ‘गेट’ इंग्रजींतून आलेला, आणि दोघे मराठींत कायमचे बिऱ्हाड करून राहिलेले. येथें एके काळीं घोडेस्वारांची चौकी होती असें सांगतात. आज स्वार नाहींत, गेट नाहीं; परंतु परगांवच्या माणसाचा लोंढा आहे. सातारा, कोल्हापूर, सांगली, सोलापूर, कोंकण या बाजूंच्या एस. टी. गाड्या येथें येतात. शहराच्या बसगाड्यांचें हें मोठें ठाणें आहे. आणि २९ सप्टेंबर २०२४ पासून भुयारी मेट्रोहि येथवर आली आहे. इतक्या वाटा जेथें मिळतात तेथें उतारूंची राहण्याची सोय हा प्रश्न ऐषआरामाचा राहत नाहीं. स्वारगेटला उतरणाऱ्या शंभर माणसांत सहलीला आलेले फार थोडे. कोणी आजाऱ्याला दाखवावयास आलेला असतो, कोणी मुलाला कॉलेजांत घालावयास, कोणी स्पर्धापरीक्षेला, कोणी मार्केट यार्डांत हिशेब चुकता करावयास, कोणी लग्नाला. म्हणूनच मुकुंदनगर, महर्षिनगर, गुलटेकडी, पर्वतीचा पायथा या भागांतील जुन्या-नव्या सोसायट्यांमध्यें अशा रोजभाड्याच्या फ्लॅटांनीं हळूहळू शिरकाव केला, यांत आश्चर्य नाहीं. गरज खरी आहे, हें मी आरंभींच मान्य करतों. ती भागविण्याची ही रीत बरी कीं वाईट, एवढाच वाद आहे.

परक्या माणसास पैसे घेऊन आसरा देणें हें काम पुण्यास नवें नाहीं. पेशवाईंत शहरांत कोण आला व कोण गेला याची नोंद ठेवण्याचें काम पुण्याच्या कोतवालाकडे होतें. इंग्रजी अमलांत १८६७ सालीं सराईंसंबंधीं स्वतंत्र कायदा झाला व सराई चालविणाऱ्यानें आपल्या सराईची सरकारदरबारीं नोंद केली पाहिजे असें ठरलें. स्वातंत्र्याच्याच वर्षीं, १९४७ सालीं, मुंबई इलाख्यांत जो सुप्रसिद्ध भाडेनियंत्रण कायदा झाला त्याचें पूर्ण नांव आज फारसें कोणाच्या लक्षांत नाहीं. त्या नांवांत घरभाड्याबरोबर हॉटेलांच्या व लॉजांच्या दरांचाहि स्पष्ट उल्लेख होता. तो कायदा पुढें १९९९ च्या कायद्यानें रद्द झाला, व त्याच्या गुणदोषांची चर्चा येथें नको. मुद्दा इतकाच कीं, राज्य मराठ्यांचें असो, इंग्रजांचें असो वा आपलें असो, परक्याला रात्रभर आसरा देणें ही गोष्ट खासगी नसून सार्वजनिक आहे, तिचा जाबसाल कोणाला तरी देतां आला पाहिजे, हें तत्त्व प्रत्येकानें गृहीत धरलें.

शिवाय त्या जुन्या प्रत्येक व्यवस्थेच्या मध्यभागीं एक माणूस होता. धर्मशाळेंत व्यवस्थापक होता. तो खडूस असे, तीन दिवसांहून अधिक राहूं देत नसे, पण असे. वाड्यांत खोली घेऊन राहणाऱ्या विद्यार्थ्याला घरमालकीण होती. टिळक रस्त्यावरील ‘बादशाही’ किंवा लक्ष्मी रस्त्यावरील ‘पूना गेस्ट हाऊस’ घ्या. हें दुसरें तर मूकपटांच्या काळांतले दिग्दर्शक नानासाहेब सरपोतदार यांनीं १९३५ सालीं काढलें. या ठिकाणीं गल्ल्यावर बसलेल्या माणसाला नांव होतें, चेहरा होता, आणि भांडण झालेंच तर तें त्याच्याशीं समोरासमोर करतां येत होतें. भांडणाची ही सोय मी क्षुल्लक समजत नाहीं. पुणेकर तर ती मुळींच समजणार नाहींत.

आतां या नव्या फ्लॅटचा अनुभव. गेल्या पावसाळ्यांत पत्नीच्या वडील बहिणीच्या डोळ्याची शस्त्रक्रिया होती. गांवाकडून तिघें-चौघें आलीं. आमची स्वतःची जागा अपुरी, म्हणून स्वारगेटपासून दहा मिनिटांच्या वाटेवरील एका सोसायटींत तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट आम्हीं चार रात्रींकरितां घेतला, व सोबत म्हणून मीहि तेथेंच राहिलों. चांगलें तें आधीं सांगतों. गाद्या स्वच्छ होत्या. न्हाणीघर झळझळीत होतें. पांच माणसांसाठीं लॉजच्या दोन खोल्या घेतल्या असत्या तर अधिक पैसे पडले असते. सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे स्वयंपाकघर होतें. पथ्याचा मऊ भात, वेळेवर चहा, पहांटे उठून गरम पाणी, या गोष्टी आजारी माणसाच्या दृष्टीनें फार मोलाच्या आहेत, आणि त्या कोणतेंहि लॉज देत नाहीं. जे लोक या फ्लॅटांची सरसकट थट्टा करतात त्यांच्या घरीं बहुधा कोणी आजारी पडत नसावें.

पण त्या चार दिवसांत आम्हांला यजमान दिसला नाहीं. किल्ली विजेच्या मीटरांच्या फळीखालीं एका लहान लोखंडी पेटींत होती, व पेटीचे आंकडे मोबाईलवर आले होते. त्यांबरोबर ‘काका, आपलें स्वागत आहे’ असा निरोप आला. मला काका म्हणणारा हा पुतण्या कोण, तो पुण्यांत राहतो कीं बंगळुरास, हें मला अद्याप ठाऊक नाहीं. भिंतीवर आयफेल मनोऱ्याचें चित्र होतें, आणि त्याखालीं इंग्रजींत मोठ्या लांकडी अक्षरांत ‘होम’ असें लिहिलें होतें. ज्या घरांत देव नाहीं, दिनदर्शिका नाहीं, मिठाची बरणी नाहीं आणि पोळपाट-लाटणेंहि नाहीं, त्याला आपण घर असल्याची अशी पाटी लावून घ्यावी लागते, हें स्वाभाविकच म्हटलें पाहिजे. दुसऱ्या रात्रीं साडेदहाच्या सुमारास नळाचें पाणी गेलें. मीं मोबाईलवर निरोप पाठविला. उत्तर आलें सकाळीं सव्वाआठला: दोन जोडलेल्या हातांचें चित्र. मध्यंतरीं रखवालदाराकडे गेलों तों तो म्हणाला, “वरच्या त्या फ्लॅटचं मला विचारूं नका साहेब. ते लोक आम्हांला कांहीं सांगत नाहींत.” शेवटीं समोरच्या दारावर थाप मारावी लागली. दार साखळीपुरतें उघडलें. एका वृद्ध बाईंनीं आम्हांला न्याहाळलें, डोळ्याला पट्टी बांधलेल्या मेहुणीकडे पाहिलें, आणि मग दोन बादल्या पाणी दिलें. त्या म्हणाल्या, “राग मानूं नका. आठवड्याला नवे चेहरे येतात. कोणाला दार उघडावं आणि कोणाला नाहीं, हेंच आतां कळत नाहीं.”

म्हणजे पाहुणचार झाला. पण तो ज्यानें भाडें घेतलें त्यानें केला नाहीं. तो शेजारणीनें केला, आणि त्या बदल्यांत तिला मिळालें काय? आठवड्याला नवे चेहरे.

ही गोष्ट अपवादात्मक नाहीं, ती या धंद्याच्या रचनेंतच आहे. एअरबीएनबी या नांवाची हकीकत पुष्कळांस माहीत असेल. २००७ सालीं सान फ्रान्सिस्को येथें एका परिषदेमुळें हॉटेलें भरून गेलीं असतां दोन तरुणांनीं आपल्या राहत्या घराच्या दिवाणखान्यांत हवेनें फुगविलेल्या गाद्या घालून तीन पाहुणे ठेविले. त्यांतून ‘हवेची गादी व न्याहारी’ अशा अर्थाचें नांव निघालें. आरंभीं यजमान त्याच घरांत झोपत होता आणि सकाळीं न्याहारीला समोर होता. पुढें धंदा वाढला तशी न्याहारी गेली, मग गादी गेली, आणि मग यजमान गेला. उरलें तें नांव. आपल्याकडे केंद्र सरकारच्या पर्यटन खात्यानें ‘न्याहारी व निवास’ घरांच्या नोंदणीसाठीं जी योजना आंखली तिच्यांत खोल्या सहांपेक्षां अधिक नसाव्या, आणि मालकानें कुटुंबासह त्याच जागेंत राहत असलें पाहिजे, अशी अट आहे. ही अट घालणाऱ्या अधिकाऱ्याचें नांव मला ठाऊक नाहीं, परंतु घरगुती शब्दाचा अर्थ त्याला आपल्या जाहिरातदारांपेक्षां निश्चित चांगला कळत होता. मालवण, तारकर्ली, गुहागर, गणपतीपुळें या बाजूस ‘घरगुती राहण्या-जेवणाची सोय’ अशा पाट्या दिसतात. तेथें खोली कोंदट असेल, उशी कडक असेल. परंतु सकाळीं आंबोळ्या वाढणारी बाई त्या घरची असते, आणि तिच्या सासूला खोकला आहे हेंहि पाहुण्याला कळतें. त्या पाटीवरचा शब्द खरा आहे. स्वारगेटच्या फ्लॅटनें तो उसना घेतला आहे.

येथें एक अवांतर गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं, कारण या मासिकांत पुस्तकांचीं परीक्षणें येतात व तिचा संबंध परीक्षणाशीं आहे. अशा फ्लॅटांविषयीं पाहुणे जे अभिप्राय लिहितात ते वाचून एखाद्यास वाटावें कीं पृथ्वीवर स्वर्ग अवतरला आहे. पांचांपैकीं पांच तारे, क्वचित् साडेचार. पाणी गेल्याचा उल्लेख नाहीं, शेजाऱ्यांच्या कपाळावरील आठ्यांचा नाहीं. कारण उघड आहे. येथें पाहुणा मालकाचें परीक्षण करतो आणि मालक पाहुण्याचें. उद्यां दुसरीकडे जागा मिळावी असें ज्याला वाटतें तो आज खरें लिहीत नाहीं. एकमेकांच्या पुस्तकांवर अभिप्राय लिहिणाऱ्या ग्रंथकारांची जी स्थिति होते तीच ही. अमुकच पुस्तकें मला आठवत आहेत असें वाचकांनीं समजूं नये. या ताऱ्यांची खरी किंमत तिसरीच व्यक्ति देते. पाहुणे अकराला जातात, दुसरे दुपारीं येतात. मधल्या वेळांत चादरी, भांडीं, फरशी, न्हाणीघर हें सर्व उरकणारी मोलकरीण एक केस राहिला तर तारा गमावते, आणि बोलणी खाते. तिला तारे देण्याची सोय कोणीं केलेली नाहीं.

आतां मुख्य आरोपाकडे येतों. सुटीचा फ्लॅट घराचे सर्व हक्क भोगतो आणि सराईचा सर्व नफा घेतो. पण घराचीं कर्तव्यें तो पाळीत नाहीं आणि सराईचींहि पाळीत नाहीं. घर म्हणून त्याला सोसायटीचें पाणी मिळतें, लिफ्ट मिळते, रखवालदार मिळतो, वाहन लावण्यास जागा मिळते. उन्हाळ्यांत टँकर मागवावा लागला तर त्याचा खर्च सर्व सभासदांत वांटला जातो, मग त्या फ्लॅटांत महिन्याला दोन माणसें न्हाली असोत वा चाळीस. २००१ सालच्या सरकारी आदेशाप्रमाणें स्वतः न राहतां जागा दुसऱ्यास देणाऱ्या सभासदाकडून सोसायटीला सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक जादा आकार घेतां येत नाहीं. ही मर्यादा योग्यच होती. कारण ती वर्ष-दोन वर्षें राहणाऱ्या भाडेकरूच्या हिशेबानें घातलेली होती, आणि भाडेकरू हा कांहीं काळाने शेजारी होतो. रोज बदलणारा पाहुणा शेजारी कधींच होत नाहीं, पण मर्यादा मात्र त्यालाहि तीच.

थोडें गणित करूं. समजा, एका फ्लॅटला महिन्याच्या करारानें बावीस हजार रुपये मिळतात, आणि रोजचें भाडें अडीच हजार ठेविलें तर महिन्यांत पंधरा रात्री भरल्या तरी साडेसदतीस हजार होतात. वीज, साफसफाई, दलाली वजा जातां मालकाच्या पदरीं पूर्वीपेक्षां कांहीं अधिक उरतें. हें अधिक आलें कोठून? कांहीं अंशीं मालकाच्या उद्योगांतून आलें, हें नाकारणें अन्यायाचें होईल. परंतु कांहीं अंशीं तें समोरच्या वृद्ध बाईंच्या दोन बादल्यांतून आणि त्यांच्या झोपेंतून आलें. आणि ज्या तरुण जोडप्याला तो फ्लॅट वर्षाच्या करारानें मिळाला असता, तें जोडपें आतां कात्रजच्या पलीकडे राहतें व रोज दोन तास वाटेंत घालवितें. हा खर्च कोणाच्याच वहींत लिहिला जात नाहीं.

पण मला सर्वांत अधिक चीड येते ती एका दांभिकपणाची. याच सोसायट्यांत एखादा अविवाहित विद्यार्थी वर्षाकरितां जागा मागावयास गेला तर त्याची कशी उलटतपासणी होते, हें माझ्या विद्यार्थ्यांकडून मीं तीस वर्षें ऐकत आलों आहें. गांव कोणतें, आडनांव काय, मांसाहार करतां का, मित्र येतात का, मुली येतात का? मग १९९९ च्या कायद्याप्रमाणें नोंदविलेला करारनामा, पोलिसांकडे द्यावयाची माहिती, सोसायटीची संमति. करारनामा नोंदविलाच पाहिजे व न नोंदविल्यास घरमालकाला शिक्षा आहे, हें रास्तच आहे. बाकीच्या प्रश्नांपैकीं बरेचसे निव्वळ आगाऊपणाचे आहेत. परंतु तोच मालक, तीच सोसायटी, दोन रात्रींकरितां येणाऱ्या अगदीं अनोळखी टोळक्याला एक चकार शब्द न विचारतां पेटीचे आंकडे कळविते. अकरा महिने राहून परीक्षेचा अभ्यास करणारा मुलगा सोसायटीच्या नीतिमत्तेला धोका, आणि शनिवार-रविवार मौज करावयास आलेले सहाजण सन्माननीय पाहुणे! या दोहोंमधील फरक नीतीचा नसून दराचा आहे, हें एकदां मोकळेपणानें कबूल करून टाकावें.

कोणी म्हणेल, “माझ्या मालकीच्या जागेचें मीं काय करावें हें सांगणारे तुम्ही कोण?” हा प्रश्न मला वारंवार विचारण्यांत आला आहे, आणि विचारणारे बहुधा सज्जन, निवृत्त, पापभीरू असे गृहस्थ असतात. मुलगा परदेशीं असतो. आयुष्यभराच्या काटकसरीनें घेतलेला दुसरा फ्लॅट मोकळा असतो. भाडेकरू जागा सोडीलच याची धास्ती असते. १९४७ च्या कायद्याखालीं ज्यांचीं घरें पिढ्यान् पिढ्या अडकून पडलीं त्यांचीं उदाहरणें पुण्यांत घरोघर आहेत, तेव्हां ही धास्ती अगदींच खुळी नाहीं. हे गृहस्थ म्हणजे कोणी नफेखोर राक्षस नव्हेत. ते आपणच आहों. या मासिकाच्या वाचकांतहि ते आहेत, आणि माझ्या सहकाऱ्यांतहि. तरी त्यांच्या प्रश्नाला उत्तर दिलें पाहिजे. सहकारी गृहरचना संस्थेचा सभासद होतांना आपण चार भिंतींपेक्षां अधिक कांहीं घेतों व अधिक कांहीं देतों. जिना, गच्ची, टांकी, फाटक हीं एकट्याचीं नसतात. तेथें कोण येतो-जातो यासंबंधीं शेजाऱ्याला बोलण्याचा हक्क असतो, आणि तोच हक्क आपण आजवर विद्यार्थ्यांविरुद्ध इतक्या उत्साहानें बजावीत आलों आहों. तो स्वतःविरुद्ध बजावला गेला कीं एकाएकीं मालमत्तेचें पावित्र्य आठवावें, हें बरें दिसत नाहीं.

दुसरा आक्षेप याहून वजनदार आहे. लॉजवाले उद्धट असतात. एकट्या स्त्रीला जागा नाकारतात. आडनांव पाहून खोल्या ‘भरल्या’ आहेत म्हणतात. विवाहाचा पुरावा मागतात. मोबाईलवर फ्लॅट घेणाऱ्याला या अपमानांतून जावें लागत नाहीं. हें बोलणें मला पटतें. स्वारगेटच्या आसपासच्या कांहीं लॉजांमध्यें स्त्रियांना जी वागणूक मिळते तिचें समर्थन करण्याची माझी इच्छा नाहीं. तेथील चादरींचेंहि नाहीं. परंतु माणूस दूर झाला म्हणजे त्याचा पूर्वग्रहहि दूर होतो, ही कल्पना मात्र भाबडी आहे. अमेरिकेंतील तीन अर्थशास्त्रज्ञांनीं २०१७ सालीं प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासांत असें आढळलें कीं, कृष्णवर्णीयांचीं वाटावींत अशीं नांवें धारण केलेल्या पाहुण्यांची मागणी, तंतोतंत तशाच गोऱ्या वाटणाऱ्या नांवांच्या पाहुण्यांपेक्षां सोळा टक्क्यांनीं कमी वेळां स्वीकारली गेली. गल्ल्यावरचा माणूस नकार देतो तेव्हां निदान तो आपल्या तोंडावर देतो व त्याच्याविरुद्ध तक्रार करतां येते. मोबाईलवरील नकाराला तोंडच नसतें.

आणि स्त्रियांचा प्रश्न काढलाच आहे, तर तो पुरताच पाहूं. २५ फेब्रुवारी २०२५ रोजीं पहांटे स्वारगेट स्थानकाच्या आवारांत उभ्या असलेल्या एस. टी. गाडींत एका तरुणीवर बलात्कार झाला. साऱ्या महाराष्ट्राची मान खालीं गेली. त्या घटनेचा फ्लॅटांशीं संबंध नाहीं, आणि तो जोडण्याचा माझा हेतु नाहीं. परंतु अवेळीं परक्या शहरांत उतरलेल्या माणसाला सर्वांत अधिक कशाची गरज असते, हें त्या पहांटेनें आपणांस शिकविलें आहे. त्याला उजेड हवा असतो, आणि जागा असलेला, जबाबदार धरतां येईल असा एक माणूस हवा असतो. स्थानकावर तो असला पाहिजे, आणि जेथें रात्र काढावयाची तेथेंहि असला पाहिजे. आंकड्यांच्या पेटीला हांक मारून उपयोग होत नाहीं.

परदेशांत हा प्रश्न आपल्या आधीं चिघळला, व त्यांनीं काढलेले उपाय पाहण्यासारखे आहेत. न्यूयॉर्क शहरांत सप्टेंबर २०२३ पासून जो नियम कडकपणें अमलांत आला त्याप्रमाणें तीस दिवसांहून कमी मुदतीकरितां घर द्यावयाचें तर यजमानानें नगरपालिकेकडे नोंद केली पाहिजे, स्वतः त्याच घरांत राहिलें पाहिजे, आणि दोनांहून अधिक पाहुणे ठेवतां कामा नये. बार्सिलोना शहराच्या महापौरांनीं जून २०२४ मध्यें याहून पुढें जाऊन जाहीर केलें कीं, शहरांतील दहा हजारांहून अधिक पर्यटक-फ्लॅटांचे परवाने २०२८ च्या अखेरीपर्यंत संपूं द्यावयाचे व त्यांचें नूतनीकरण करावयाचें नाहीं. पुणें म्हणजे बार्सिलोना नव्हे. आपल्याकडे समुद्रकिनारा नाहीं आणि उन्हाळीं पर्यटकांच्या झुंडीहि नाहींत. म्हणून सरसकट बंदी मी मागत नाहीं. बंदी आली तर मेहुणीचा मऊ भात कोठें शिजणार, हा प्रश्न माझ्यापुढें आहेच. पण न्यूयॉर्कच्या नियमाचें मर्म आपणांस उचलतां येण्यासारखें आहे, आणि त्याकरितां अटलांटिक ओलांडण्याचीहि गरज नाहीं. शेजारच्या गोव्यांत पर्यटनव्यवसायाच्या नोंदणीचा कायदा १९८२ पासून आहे.

माझ्या मतें पुण्यापुरतें एवढें व्हावें. रोजभाड्यानें दिल्या जाणाऱ्या प्रत्येक फ्लॅटची महानगरपालिकेकडे नोंद असावी व तिचा क्रमांक जाहिरातींत छापलेला असावा. जो धंदा करतो त्यानें धंद्याच्या दरानें कर, पाणी व वीज यांचे पैसे द्यावेत. परदेशी पाहुणा आला तर हॉटेलवाल्याला चोवीस तासांच्या आंत अधिकाऱ्यांस कळवावें लागतें. तीच शिस्त फ्लॅटवाल्यानें कटाक्षानें पाळावी, आणि देशी पाहुण्यांची वहीहि ठेवावी. मुख्य म्हणजे मालक स्वतः त्या इमारतींत किंवा हांकेच्या अंतरावर राहत नसेल, तर तेथें राहणाऱ्या एका जबाबदार माणसाचें नांव दारावर व रखवालदाराजवळ असावें. जो मालक हें करूं शकत नाहीं त्यानें आपला फ्लॅट वर्षाच्या करारानें द्यावा. भाडेकरू पुण्यांत पुष्कळ आहेत, आणि त्यांतले कित्येक सरळ, अभ्यासू व अविवाहित आहेत.

सरकार व महानगरपालिका हें केव्हां करतील तें करोत. सोसायट्यांना तोंवर हातावर हात ठेवून बसण्याचें कारण नाहीं. प्रत्येक गृहरचना संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आंत भरावी लागते. सभेंत चहा-बिस्किटें असतात, रंगकामाच्या ठेकेदारावरून वाद होतो, आणि दहांतले सहा सभासद येतच नाहींत. यंदा त्या सहांनीं यावें, आणि येण्यापूर्वीं चिटणिसाकडे एक लेखी ठराव द्यावा: आपल्या इमारतींत रोजभाड्यानें दिलेले फ्लॅट कोणते, त्यांचे मालक कोण, व रात्रीं साडेदहाला पाणी गेलें तर त्यांच्यापैकीं कोणाचें दार वाजवावयाचें.